साखर तयार होते ती पानात

चैत्र सरत आला की वारणा-कृष्णा काठच्या ऊस पट्ट्यात संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. सायकलच्या नाहीतर मोटारसायकलच्या कॅरियरला हिरव्यागार पाल्याचा भारा आवळून बांधलेला आणि गडी घराकडे निघालेला. विहिरीचे पाणी खाली गेलेले, बांधावरचे गवत करपलेले, कडब्याचा भाव ऐकूनच घाम फुटावा अशी अवस्था. दावणीला जनावरे वाट बघत उभी असतात. मग माणूस उभ्या उसात शिरतो आणि हाताला लागेल तो पाला ओरबाडून आणतो.

अशाच एका भाऱ्याजवळ थांबून एका वयस्क शेतकऱ्याला विचारले, "आबा, हिरवा पाला काढल्यावर ऊस मार खात नाही का?"

आबा हसले. म्हणाले, "पावणं, ऊस काय पाल्यात असतोय व्हय? ऊस हाय तो खाली. बुडात दोन पोती युरिया टाकलाय, पाणी पाजलंय. पाला गेला तर गेला, परत फुटतोय की! आन् म्हस उपाशी ठेवून कसं चालंल? दुधाचं पैसं तरी येळेला हातात येत्यात. उसाचं कधी येत्यात ते तुमीच सांगा."

आबांचे शेवटचे बोलणे खोडून काढण्यासारखे नाही. दुधाचा पैसा रोजच्या खर्चाला लागतो, हे कोणी नाकारणार नाही. पण पहिले बोलणे मात्र तपासून पाहायला हवे. ऊस खाली असतो, खत खाली पडते, पाणी खाली सोडतो, म्हणून ऊस खालूनच तयार होतो असा आपला सर्वांचाच पिढ्यान् पिढ्यांचा समज आहे. खताला तर आपण 'पिकाचे अन्न'च म्हणतो. प्रत्यक्षात पिकाचे अन्न वर, पानात शिजते. त्याला लागणारा मुख्य माल हवेतून येतो आणि चूल पेटते ती उन्हावर. या क्रियेला शास्त्रज्ञ प्रकाशसंश्लेषण म्हणतात. आपल्या जुन्या शेतकी पुस्तकांत तिला कर्बग्रहण असेही म्हटलेले आढळते. नाव अवघड असले तरी हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन भिडणारा आहे.

मातीचा तराजू

झाड माती खाऊन वाढते, असे पूर्वी सगळ्या जगातच मानत. बेल्जियमकडच्या व्हान हेल्मॉन्ट नावाच्या एका वैद्याने सतराव्या शतकात हे तपासायचे ठरवले. त्याने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलो वाळवलेली माती मोजून घातली आणि विलो जातीचे ५ पौंडांचे रोप लावले. पाच वर्षे त्याने फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड उपटून वजन केले, तर ते १६९ पौंड, म्हणजे सुमारे ७७ किलो भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट आली अवघी दोन औंस. दोन औंस म्हणजे साठ ग्रॅमदेखील नाही. हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापून आला.

हेल्मॉन्टने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनते. तो अर्धाच बरोबर होता, कारण त्याने हवा हिशेबात धरली नव्हती. पण माती झाडाच्या पोटात जात नाही, ही गोष्ट त्याने तराजूवर सिद्ध केली.

हा तराजू आपल्यालाही घरच्या घरी लावता येईल. दहा किलो वाळका कडबा घ्या आणि पेटवा. मागे राख उरेल ती जेमतेम किलोभर. जमिनीतून पिकाने जे क्षार उचलले, ते बहुतेक त्या राखेत आहेत. नत्र तेवढे धुरावाटे निघून जाते. बाकीचा सगळा कडबा जिथून आला होता तिथेच, म्हणजे हवेत परत गेला. मळ्यात उभे असलेले पीक म्हणजे खरे तर गोठवून ठेवलेली हवा आणि पाणी.

एक क्विंटल साखरेचा जमाखर्च

आता उसाकडे वळू. एक टन उसातून साखर निघते साधारण एक क्विंटलच्या वर-खाली. ही साखर कशाची बनलेली असते? कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, बस्स! शुद्ध साखरेत नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. आबांनी टाकलेल्या दोन पोती युरियातला कणभरही साखरेच्या पोत्यात जात नाही.

रसायनशास्त्राच्या नियमाने हिशेब मांडला तर एक क्विंटल साखर तयार व्हायला सुमारे १५४ किलो कर्बवायू आणि ५८ किलो पाणी लागते. साखर तयार होता होता ११२ किलो प्राणवायू हवेत सुटतो. जमा २१२ किलो, खर्च २१२ किलो. पैशाचाही फरक नाही.

हा कर्बवायू हवेत असतो तरी किती? दहा हजार भागांत जेमतेम चार भागांच्या वर. याचा अर्थ एका क्विंटल साखरेसाठी उसाच्या पानांना सुमारे दोन लाख घनमीटर हवेतला सगळा कर्बवायू गाळून घ्यावा लागतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली डोळ्यांपुढे आणा. अशा सात हजार खोल्यांत मावेल एवढी ही हवा! आणि हे काम कोणतेही इंजिन न लावता, डिझेल न जाळता पान बिनबोभाट करते. साखर कारखाना साखर तयार करत नाही. पानात तयार होऊन कांड्यात साठलेली साखर तो फक्त वेगळी काढतो. पानाने जी केलीच नाही, ती कोणत्याही कारखान्याच्या चरकातून निघणार नाही.

पानातला कारभार

पान उन्हाकडे धरून पाहिले तर बारीक शिरांचे जाळे दिसते. शिरांमधल्या पेशींत हिरव्या रंगाचे सूक्ष्म कण असतात, त्यांना हरितलवके म्हणतात. त्यांच्यात असते हरितद्रव्य. पानाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात, ती पर्णरंध्रे. कर्बवायू याच दारांनी आत येतो. पाणी मुळांकडून शिरांवाटे वर चढते.

काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य ऊन पकडते आणि त्या जोरावर पाणी फोडते. पाण्यातला प्राणवायू बाहेर जातो. आपण श्वासात घेतो तो हाच. दुसऱ्या टप्प्यात त्या पकडलेल्या शक्तीने कर्बवायूची साखर बांधली जाते. तयार साखर शिरांतल्या दुसऱ्या नळ्यांतून जिथे गरज असेल तिथे रवाना होते. कधी मुळांना, कधी नव्या कोंबाला, कधी कणसाला, शेंगेला, कांद्याला किंवा उसाच्या पेराला. दाण्यातला स्टार्च, सरकीतले तेल, कापसाचा धागा, सागाचे लाकूड, सगळे याच साखरेपासून पुढे घडते. डाळीतले प्रथिनसुद्धा याच साखरेला नत्राची जोड देऊन बनते.

हे कोडे सुटायला दोनशे वर्षे लागली. १७७१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टलीला दिसले की मेणबत्ती जळून खराब झालेली बंद बरणीतली हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा चांगली होते. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्याने दाखवून दिले की हे फक्त उन्हात आणि फक्त झाडाच्या हिरव्या भागातच घडते. विसाव्या शतकात अमेरिकेच्या मेल्विन कॅल्व्हिन यांनी कर्बवायूची साखर कोणत्या पायऱ्यांनी होते ते शोधले. त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग खताचे काय? खत बिनकामाचे का? मुळीच नाही. कारखान्यात ऊस गाळला जातो, पण यंत्रे लोखंडाची असतात ना? तसेच हे आहे. पानातली यंत्रे बांधायला नत्र लागते. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेले असते. लोह नसेल तर हरितद्रव्य तयारच होत नाही. चुनखडीच्या रानात उसावर पडणारा 'केवडा' आपण पाहतो. पान पांढरट-पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो बहुतेक वेळा लोहाच्या टंचाईचा प्रकार असतो. केवडा पडलेले पान म्हणजे बंद पडलेले गुऱ्हाळ. खताचे काम पान उभे करण्याचे आणि हिरवे ठेवण्याचे. एकदा हे ध्यानात आले की, खाली पोते रिकामे करायचे आणि वरून पान ओरबाडायचे, हा व्यवहार किती तोट्याचा आहे ते वेगळे सांगायला नको.

ऊस, ज्वारीची वेगळी खुबी

सगळी पिके हे काम एकाच पद्धतीने करत नाहीत. गहू, भात, हरभरा, तूर, सोयाबीन, कापूस, भुईमूग, द्राक्ष, कांदा यांच्या पानांत एक खोट आहे. कर्बवायू पकडणारे रुबिस्को नावाचे जे विकर त्यांच्यात असते, ते अधूनमधून चुकून प्राणवायूच धरते. तसे झाले की आधी कमावलेला कर्बही थोडा परत हवेत जातो. ऊन तापेल तशी ही चूक वाढते. कडक उन्हाच्या हवेत या पिकांच्या कमाईतला पाव हिस्सा असा वाया जाऊ शकतो.

ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी यावर तोड काढली आहे. त्यांच्या पानात शिरेभोवती पेशींचे एक वेगळे कडे असते. बाहेरच्या पेशी कर्बवायू गोळा करून आतल्या कड्यात ढकलतात. तिथे तो एवढा दाटतो की रुबिस्कोला चूक करायला फारशी जागाच उरत नाही. त्यामुळे भर उन्हात गव्हाचे पान दमते तिथे उसाचे पान जोमाने काम करते, आणि तेवढ्याच पाण्यात जास्त वाढ करून दाखवते. सोलापूर, मराठवाड्याच्या कोरड्या रानात ज्वारी-बाजरी का तग धरते, याचे एक कारण हेही आहे.

विशेष म्हणजे ही खुबी शास्त्रज्ञांना सापडली ती उसातच. हवाई बेटांवरच्या ऊस संशोधकांनी १९६५ मध्ये उसाच्या पानात कर्बाचा हा वेगळा मार्ग नोंदवला. पुढे १९६६ पासून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी त्याचा उलगडा केला. या मार्गात पहिला पदार्थ चार कर्बांचा तयार होतो, म्हणून या पिकांना 'सी-फोर' पिके म्हणतात.

निवडुंग, अननस, कोरफड यांची तऱ्हा आणखी निराळी. ते दिवसा दारे बंद ठेवतात, रात्री गारव्यात कर्बवायू भरून घेतात आणि दिवसा उन्हात त्याची साखर करतात. सांगली-सोलापूरच्या कोरड्या भागात अलीकडे लावले जाणारे ड्रॅगन फ्रूटही याच घराण्यातले. कमी पाण्यावर ते का येते, याचे उत्तर त्याच्या या रात्रपाळीत आहे.

या खुबीची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. सी-फोर पिकाचा जोर उन्हात आहे. सावलीत त्याची खुबी चालत नाही. हळद, आले थोडी सावली सोसतात. ऊस, मका, बाजरी सोसत नाहीत.

शंभरातला एक

एवढे सगळे असूनही पानाची कमाई ऐकली तर नवल वाटेल. रानावर वर्षभर जेवढे ऊन पडते, त्यातला शंभरातला एक भागही बहुतेक पिकांत साठत नाही. उसासारखे पीक चांगल्या रानात एक-दोन भागांपर्यंत जाते. निम्मे ऊन पानाच्या उपयोगाचेच नसते. उरलेल्यातले काही उघड्या जमिनीवर पडून वाया जाते. काही वरच्या पानांवर गरजेपेक्षा जास्त पडते आणि खालची पाने मात्र अंधारात राहतात. शिवाय पीक रात्रंदिवस श्वास घेते, त्यात कमाईतला तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भाग खर्ची पडतो. रात्र उकाड्याची असेल तर खर्च अधिक, थंड असेल तर कमी. थंडीत आकाश निरभ्र आणि रात्री गार, म्हणून हरभऱ्याला ती मानवते आणि उसाचा साखर उताराही त्याच दिवसांत चढतो.

शास्त्रज्ञांच्या हिशेबाने सगळे जुळून आले तर सी-फोर पिकाला शंभरात सहा भागांपर्यंत आणि इतर पिकांना साडेचार भागांपर्यंत ऊन साठवता येईल. म्हणजे वाढीला जागा आहे. ती जागा पानाच्या व्यवस्थेत आहे.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी हीच गोष्ट शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून सांगितली. दाभोळकर मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'तून तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांसह अनेक शेतकऱ्यांनी पाने मोजायला, ऊन मोजायला शिकून घेतले. शेतकरी हा मुळात ऊन पिकवणारा माणूस आहे, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता.

रानात काय करायचे?

पहिली गोष्ट पाल्याची. उसाला वाढीच्या काळात साधारण आठ-दहा दिवसांनी एक नवे पान येते. ते शेंड्यातूनच येते. खालचे ओरबाडलेले पान त्याच जागी पुन्हा फुटत नाही. 'परत फुटतोय की' हा आपला समज तिथेच चुकतो. नवे पान बांधायला जी साखर लागते तीही राहिलेल्या पानांनीच कमवायची असते. म्हणजे दुहेरी तोटा. प्रत्येक पेराला एक पान असते आणि त्या पेराच्या पोषणात त्याच पानाचा मोठा वाटा असतो. तोडणीच्या वेळी ऊस हातात घेऊन पेरे नीट बघा. जिथे पेर आखूड आणि बारीक दिसेल, ते दिवस उसाने हालात काढलेले असतात. पाण्याचा ताण असो, नाहीतर पाल्याची लूट, उसाच्या अंगावर त्याची नोंद राहते.

उसाच्या शेंड्याकडची आठ ते दहा हिरवी पाने कोणत्याही परिस्थितीत राखावीत. बुडाकडची पिवळी पडलेली, म्हातारी पाने सावलीत असतात. ती कमावत नाहीत. ती काढली तर ऊस बिघडत नाही, उलट हवा खेळती राहते. वाळलेले पाचट सरीत आच्छादन म्हणून पसरावे. ते पेटवले तर पानांनी वर्षभर हवेतून गोळा केलेला कर्ब तासाभरात परत हवेत जातो आणि नत्रही जाते.

जनावरांची सोय मात्र आधीच करायला हवी. वैरण संपल्यावर उसाकडे बघण्यापेक्षा विहिरीजवळच्या दोन-चार गुंठ्यांत संकरित नेपियर किंवा वैरणीचा मका टप्प्याटप्प्याने ठेवावा. तोडणीच्या हंगामात मिळणाऱ्या वाढ्याचा मुरघास करून ठेवता येतो. वाढे तोडणीनंतर घ्यायचे असते, तोवर ते उसाचे असते.

ज्वारी-मक्याचेही तेच. कणीस बाहेर पडल्यावर दाणा भरतो तो मुख्यतः वरच्या पानांच्या त्या वेळच्या कमाईवर. गव्हाच्या लोंबीखालचे शेवटचे पान तर घरातल्या कर्त्या मुलासारखे. तांबेऱ्याने ते गेले की दाणा चिमला म्हणून समजा.

दुसरी गोष्ट अंतराची. जास्त बी म्हणजे जास्त पीक, हा हिशेब एका मर्यादेपर्यंतच चालतो. सोयाबीनची शिफारस साधारण ४५ बाय ५ सेंटिमीटरची आहे. दाट पेरले की झाडे उन्हासाठी एकमेकांच्या डोक्यावर चढतात, काडी लांबते, खालची पाने पिवळी पडून गळतात आणि शेंगा शेंड्याला तेवढ्या लागतात. उसात तीन फुटांच्या सरीवरून चार-पाच फुटांच्या सरीकडे किंवा पट्टा पद्धतीकडे शेतकरी वळले, त्यामागे ऊन आत शिरावे हाच हेतू आहे. नत्र भारंभार दिल्यावर ऊस लोळतो, पाने एकमेकांवर पडतात आणि पुन्हा तोच अंधार होतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. पाणी कमी पडले की पीक आधी पर्णरंध्रांची दारे लावून घेते. पाणी वाचते, पण कर्बवायूही येईनासा होतो. भर दुपारी मक्याच्या, उसाच्या पानाची सुरळी झालेली दिसली की समजावे, ऊन भरपूर असूनही गुऱ्हाळ बंद आहे. पीक वाळून जाण्याच्या कितीतरी आधी हा तोटा सुरू झालेला असतो. म्हणून एकदम भरपूर पाणी देऊन पुढे महिनाभर ताण देण्यापेक्षा बेताचे पाणी वेळेवर देणे फायद्याचे.

चौथी गोष्ट फळबाग आणि भाजीपाल्याची. द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होत असतो. त्या दिवसांत काड्यांची गर्दी झाली किंवा आकाश सतत भरून राहिले, की ऑक्टोबरच्या छाटणीनंतर माल कमी निघतो. म्हणून नको असलेल्या फुटी वेळेवर काढतात. कांद्याचा प्रत्येक जाड पापुद्रा म्हणजे एकेका पातीचे बूड असते. करपा आणि फुलकिड्यांनी पात लवकर गेली तर कांदा पोसत नाही. मग कितीही दिवस रानात ठेवा, गोलटीच निघते.

गावकारभाऱ्यांनी लक्ष घालावे

हा विषय एकट्या शेतकऱ्याचा नाही. गावाच्या हद्दीत खडी क्रशर चालतो, कच्च्या रस्त्यावरून दिवसभर डंपर धावतात. आसपासच्या रानातली पाने पांढरी पडलेली आपण बघतो आणि 'धूळ तर आहे, पावसात धुऊन जाईल' म्हणून सोडून देतो. ती धूळ ऊन अडवते आणि पर्णरंध्रे बुजवते. पाऊस पडेपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. क्रशरवर पाण्याचे फवारे, यंत्रावर आच्छादन आणि वारा अडवणारी भिंत असावी, हा धूळ रोखण्याचा सर्वमान्य उपाय आहे. हे होते की नाही, हे ग्रामपंचायतीने पाहावे आणि ग्रामसभेत विचारावे. ही मागणी भावनेची नाही, उत्पन्नाची आहे.

बांधावरच्या झाडावरून गावात होणारी भांडणे नवीन नाहीत. झाडाचा वसवा पिकाला बाधतो, ही तक्रार खोटी नसते. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे झाडाची सावली उत्तरेला पडते. उत्तरेच्या बांधावर झाडे लावली तर सावली शेजाऱ्याच्या रानात जाते. दक्षिणेच्या बांधावर लावली तर आपल्याच. झाडे लावूच नयेत असा याचा अर्थ नाही. दिशा पाहून, शेजाऱ्याला विचारून, वेळोवेळी छाटणी करून लावावीत. तंटा मिटवायला बसणाऱ्यांनी सावलीचा हा हिशेब माहीत करून घेतला तर निवाडा सोपा होईल.

आणखी एक. अतिवृष्टीने वाहून गेलेले पीक पंचनाम्यात दिसते. पण शेंग भरण्याच्या ऐन काळात पंधरा दिवस सूर्यदर्शन नाही, म्हणून दाणा हलका राहिला, तर रान लांबून हिरवेगारच दिसते. दाट ढगाळ दिवशी उन्हातला मोठा हिस्सा अडतो. कोकणात पावसाळी भातापेक्षा उन्हाळी, वायंगणी भाताला पाण्याची सोय असेल तर उतारा चांगला येतो, तो या उन्हामुळेच. पीक कापणी प्रयोगाच्या वेळी वजन घेताना अशा वर्षाची नोंद काळजीने व्हायला हवी. बांधावरून नजर टाकून 'पीक उत्तम' लिहिणे म्हणजे शेतकऱ्यावर अन्याय करणे होय.

गावच्या शाळेतही हे मुलांना दाखवता येईल. विहिरीत, कालव्यात वाढणारी पाणवनस्पती काचेच्या बरणीत पाण्यासह घालून उन्हात ठेवावी. थोड्या वेळात देठाच्या तुटलेल्या टोकातून बारीक बुडबुडे निघू लागतात. बरणी सावलीत नेली की ते मंदावतात. तो प्राणवायू. जगदीशचंद्र बसू यांनी अशाच हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीवर प्रयोग करून १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ लिहिला होता. बरणी आणि ऊन, दोन्ही फुकटची आहेत.

दोन सऱ्यांचा प्रयोग

आबांना हे सगळे सांगितले. त्यांनी मान हलवली, पण पटले असे काही दिसले नाही. "कागदावर समदं खरं असतंय," म्हणाले. तेही रास्तच. पन्नास वर्षांचा हात कागदाने हलत नाही.

म्हणून त्यांना एवढेच सुचवले, आणि वाचकांनाही तेच सांगतो. एकाच रानातल्या शेजारशेजारच्या चार सऱ्या घ्या. कडेच्या नकोत, मधल्या घ्या. लावण एका दिवसाची, खत-पाणी सारखे. दोन सऱ्यांचा पाला नेहमीसारखा काढा. दोन सऱ्यांत फक्त पिवळी पाने काढा आणि शेंड्याची दहा हिरवी पाने राखा. सऱ्यांच्या टोकाला खूण म्हणून काठी रोवा. तोडणीच्या दिवशी दोन्हीकडचे दहा-दहा ऊस वेगळे मोजा, पेरे मोजा, वजन करा. मग काढलेल्या पाल्याने किती दिवसांची वैरण वाचली आणि उसाचे वजन किती घटले, ते कागदावर समोरासमोर मांडा. पाला स्वस्त पडला की महाग, ते आपला तराजूच सांगेल.

आबा म्हणाले, "चार सऱ्यांचं काय, करून बघू." भारा सायकलला बांधलेलाच होता. जाताना मात्र त्यांनी मागे वळून उसाकडे पाहिले आणि बांधालगतच्या सरीत एक काठी रोवली. "कडंची न्हवं, आबा, मधली," असे म्हटल्यावर हसून त्यांनी ती उपटली आणि आत गेले.